उद्यमनगरातली पितळी मोर्स की आणि रिले संच

कथेतल्या किंवा नाटकातल्या जगासाठी स्वतःची तारलिपी (तारेने मजकूर पाठवायची संकेतलिपी) रचणाऱ्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या छोट्या वर्कशॉपची मोर्स की, म्हणजे टिंब-रेघांचे संकेत पाठवायचा दाबदांडा, जरूर घ्यावी. दांडा भरीव पितळेचा, बिजागरीला अजिबात खेळ नाही. कॉन्टॅक्टमधली फट स्क्रूने कमी-जास्त होते. फार ठेवली तर मनगट भरून येतं, फारच कमी ठेवली तर टिंबं एकमेकांना चिकटतात.

सोबतचा पाच बटणांचा पाटा मात्र मराठीला अपुरा. बटणं दाबण्याच्या जुळण्या ३२च, स्वर, व्यंजनं, मात्रा धरल्या की संपल्या. फ्रेंच तार-अभियंता बोदोने १८७०च्या दशकात अक्षरं आणि अंकांसाठी शिफ्ट (पुढचे संकेत अक्षरं मानायचे की अंक, हे सांगणारा संकेत) वापरली, तोच मार्ग उरतो. पण शिफ्टचा एक संकेत गळाला की पुढची शिफ्ट येईपर्यंत सगळा मजकूर बिघडतो. सहावं बटण सांगून बसवून घ्या, ६४ जुळण्या मिळतात.

रिले (विजेने चालणारे स्विच) संच फारच सुरेख! दोन डबल-पोल (प्रत्येकी दोन स्विच एकत्र हलवणाऱ्या) रिलेंत हाफ ॲडर, म्हणजे ० किंवा १ अशा दोन अंकांची बेरीज करणारं सर्किट, बसतो: एकेक पोल जिन्याच्या दिव्यासारखा जोडला की बेरीज, उरलेले सीरिजमध्ये जोडले की हातचा. रिलेच्या कॉइलवर उलटा लावायचा डायोड (कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज जिरवणारा) संचात नाही, तो वेगळा आणा. ट्रान्झिस्टरने रिले चालवणार असाल तर डायोडशिवाय ट्रान्झिस्टर जळू शकतो.