बॅटरी बदलली, डायनमो बदलला. बिघाड होता अर्थ वायरच्या एका बोल्टाखाली

नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. त्यातली चार वर्षं रत्नागिरीच्या बाजूला, खाऱ्या हवेत उघड्यावर उभी. तक्रार एवढीच की सकाळी सेल्फ जड घेते आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा अधूनमधून लागतो. एवढ्यावर मालकाकडून दोन महिन्यांत 14,300 रुपये काढले गेले, वर ‘आता ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, 28,000 लागतील’ असंही सांगितलं गेलं. खरी दुरुस्ती 350 रुपयांत झाली. गॅरेजचं नाव देण्यात अर्थ नाही, कारण हा प्रकार कुठल्याही गावात, कुठल्याही गाडीवर होऊ शकतो. तो कसा होतो ते कळलं पाहिजे.

पहिल्या खेपेला 35 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी बदलली, 4,800 रुपये. पंधरा दिवस गाडी नीट चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला इंजिन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला आणि मालकाला आकडा दाखवला: 13.2 व्होल्ट. ‘बघा, 14 च्या आसपास पाहिजे. डायनमो चार्जिंग करत नाही.’ आकडा खरा होता, पण तो चुकीच्या जागी घेतलेला होता. डायनमोचे, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचे, 9,500 गेले.

डायनमोचा मायनस वेगळ्या वायरने येत नाही. त्याची बॉडी इंजिनला कसलेली असते आणि इंजिन व गिअरबॉक्सवरून एक जाड अर्थ वायर बॅटरीच्या मायनसला येते. ती वायर नीट बसलेली नसेल तर डायनमो 14.1 व्होल्ट देत असतानाही बॅटरीपर्यंत 13.2 च पोचतात. म्हणून डायनमोवर ठपका ठेवण्याआधी एक प्रोब त्याच्या मागच्या बी-प्लस बोल्टवर (जिथून बॅटरीकडे प्लसची वायर जाते) आणि दुसरा त्याच्याच बॉडीवर टेकवायचा. तिथे 14 दिसले आणि बॅटरीवर 13.2, तर डायनमो ठीक आहे. मधल्या रस्त्यात काहीतरी अडतंय. या गाडीत हे मोजलंच गेलं नाही. (काही नव्या गाड्यांत ईसीएम गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. अशा गाडीत हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू करूनच आकडा घ्यावा.)

पार्ट बदलल्यावर गाडी काही दिवस बरी का चालते, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण माणूस इथेच फसतो. नवी बॅटरी पूर्ण भरलेली असते, त्यामुळे ती वाईट जोडातूनही काही दिवस सेल्फ ओढून नेते. शिवाय बॅटरी बदलताना वायरी हलतात, गंजलेला थिम्बल (वायरच्या टोकाचा, बोल्टात अडकवायचा धातूचा कान) किंचित सरकतो आणि थोडा वेळ बरा टेकतो. बॅटरीची वायर काढल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीएममधले बिघाडाचे कोडही पुसले जातात. मालकाला वाटतं, काम झालं.

सेल्फ मारताना हेडलाइट लावून बघा. बॅटरी उतरलेली असेल तर दिवे एकदम मंद होतात. या गाडीत सेल्फ रडत फिरत होता आणि दिवे जवळपास तसेच लख्ख राहत होते. म्हणजे बॅटरीत ताकद होती, ती सेल्फपर्यंत पोचत नव्हती. हे एक लक्षण पाहिलं असतं तरी पहिले 4,800 वाचले असते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट म्हणजे ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी.

आता खरी तपासणी. साध्या डिजिटल मल्टिमीटरवर होते. डीसी 20 व्होल्टची रेंज लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, प्रोबच्या वायरी पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर (त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे), लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. इंजिन लगेच चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवता येतो. आकडा 0.2 च्या आत असावा, 0.5 च्या वर गेला तर जोडात नक्की दोष आहे. या गाडीत 2.4 आला.

मग दोन्ही प्रोब एकेक टप्पा सरकवत, प्रत्येक जोड वेगळा मोजायचा. खुंट ते क्लॅम्प 0.03. क्लॅम्प ते गिअरबॉक्सवरचा थिम्बल 0.12. थिम्बल ते गिअरबॉक्सची बॉडी 2.25. सगळा दोष त्या एका बोल्टाखाली. बोल्ट काढल्यावर थिम्बलखाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी निघाली, तांब्याच्या तारांवर हिरवा थर होता. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंडी बोल्ट आणि खारट ओल एकत्र आले की असंच होतं.

गॅरेजमध्ये मल्टिमीटरच्या बीपवर जोड तपासून ‘अर्थ चेक केला, बीप वाजतो’ असं सांगितलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नका. शंभर तारांपैकी एक तार टेकली तरी बीप वाजतो. इथला अडथळा जेमतेम 0.02 ओहमचा होता. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या दहापट असू शकतो. पण सेल्फ 120 अँपिअर ओढतो तेव्हा त्या 0.02 ओहमवर 2.4 व्होल्ट खाल्ले जातात. म्हणून भार असतानाच मोजायचं.

ईसीएमचं प्रकरण याच्याच पोटातलं. स्कॅनरवर पी0562 म्हणजे सिस्टिमचा व्होल्टेज कमी, आणि यू0100 म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. दोन्ही कोड खरे होते. या गाडीत ईसीएमचा अर्थही इंजिनवरच आहे. सेल्फ मारताना त्याला पुरेसा व्होल्टेज मिळत नव्हता आणि तो रिसेट होत होता. कोड म्हणजे लक्षण. कोणता पार्ट गेला ते कोड सांगत नाही. ईसीएम बदला म्हणणाऱ्याला विचारा: ईसीएमच्या प्लगवर सेल्फ मारताना किती व्होल्ट आले? बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायची जागा) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये किती ओहम दाखवले? कॅन (ईसीएम आणि बाकीचे कंट्रोलर जोडणारी दोन तारांची लाइन) असलेल्या गाडीत तिथे साधारण 60 ओहम येतात. 120 आले तर एक टोक तुटलंय. उत्तर नसेल तर गाडी परत न्या.

इथपर्यंत कोणी अज्ञान म्हणेल. पण बसवलेला ‘नवा’ डायनमो खोलला तेव्हा संशय उरला नाही. बोल्टांच्या डोक्यांवर चंदेरी स्प्रेचा रंग होता, रंगाखाली जुन्या स्टिकरची कड दिसत होती, आणि आत स्लिप रिंगवर कार्बन ब्रशने पाडलेल्या खोल चरी होत्या. जुना, रंगवलेला माल नव्याच्या भावाने. आणि मालकाचा मूळ डायनमो, जो चांगला होता, तो ‘एक्स्चेंजमध्ये गेला’.

दुरुस्ती अशी झाली. आधी बॅटरीचा मायनस काढला. गिअरबॉक्सची बैठक आणि बोल्टची खालची बाजू 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली. टिनचा मुलामा दिलेल्या थिम्बलची नवी अर्थ वायर, खाली दातेरी वॉशर. ॲल्युमिनियममधले आटे लवकर जातात, म्हणून बेताने कसायचं. व्हॅसलिन कसून झाल्यावर बाहेरून. नंतर सेल्फ मारताना तोच आकडा 0.08 व्होल्ट, चार्जिंगला बॅटरीवर 14.0.

काम देण्याआधी लेखी अंदाज घ्या, काढलेला पार्ट हातात मागा, बिलावर नव्या पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. बिल न देणं हा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेचा भाग आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वस्तूसाठी किंवा कामासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. या मालकाकडे डायनमोचं पक्कं बिल नाही, फक्त कार्डावर पेनाने लिहिलेला आकडा आहे. तेही जपून ठेवायचं, पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद काढायची, आणि तो गंजलेला थिम्बल फेकून न देता पिशवीत घालून तारीख लिहायची.