वहीत न आलेले आकडे: घरगुती रक्तदाबमापकाचे परीक्षण

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे हे स्वयंचलित यंत्र दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि त्यात शेवटच्या ६० नोंदी साठवण्याची सोय आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाव कळले की पुढचा सगळा मजकूर त्या नावाविषयीच्या मतानुसार वाचला जातो. शिवाय या किमतीची बहुतेक यंत्रे गुणदोषांत सारखीच आहेत.

आपल्याकडे अजूनही ‘पाऱ्याचेच खरे’ असे मानणारे पुष्कळ आहेत. पारा खोटे बोलत नाही हे मान्य, पण तो वाचणारे डोळे आणि ठोका ऐकणारे कान माणसाचेच असतात. पट्टीवरच्या खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असल्यामुळे शून्याने संपणारे आकडे साधारण पाचांत एकदा यायला हवेत; प्रत्यक्षात केसपेपरवर १२०, १३०, १४० यांचीच रीघ लागलेली दिसते. १४० च्या पुढे औषध सुरू करावे लागेल हे ठाऊक असलेल्या माणसाला, समोर तरुण आणि सडपातळ रुग्ण असला, की ठोका थोडा खालीच ऐकू येण्याचा संभव असतो, आणि यात लबाडी मुळीच नसते. म्हणूनच १९६४ साली लंडन स्कूल ऑफ हायजीनच्या संशोधकांनी असे यंत्र तयार केले, की मोजणाऱ्याने ठोका ऐकताच नुसती कळ दाबायची आणि आकडा त्याला नंतर दिसायचा. पुढे आलेल्या दुसऱ्या एका यंत्रात तर शून्याची जागाच दर वेळी नकळत सरकलेली असे आणि तेवढा फरक मोजून झाल्यावर वजा करावा लागे.

स्वयंचलित यंत्रात ऐकणे आणि वाचणे दोन्ही यंत्राकडेच असते. पट्ट्यातल्या दाबाची स्पंदने टिपून ते हिशेब करते आणि १३७ असेल तर १३७ च दाखवते. (नाडी अनियमित असेल तर हा हिशेब चुकू शकतो, अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच त्यावर विसंबावे.)

पूर्वग्रह मात्र त्यामुळे संपत नाही, तो फक्त पुढच्या पायरीवर जाऊन बसतो. माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची रक्तदाबाची वही म्हणजे रकाने आखलेला, लाल-निळ्या शाईचा देखणा दस्तऐवज. एके सकाळी यंत्राने १५६ दाखवले तेव्हा ते म्हणाले, “हे धरायचं नाही, मी आत्ताच जिना चढून आलोय.” थोड्या वेळाने १३४ आले आणि ते वहीत गेले. “बाबा, तोही लिहा की,” असे म्हटल्यावर “अगं, तो खरा नव्हे” असे उत्तर मिळाले. पहिल्या आकड्याबाबत त्यांचे म्हणणे रास्तच होते, कारण मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसायलाच हवे. पण १२४ आले त्या दिवशी जिना, चहा किंवा अपुरी झोप यांची चौकशी कुणीच केली नाही. वाढलेल्या आकड्यालाच कारण विचारायचे ही आपली रीत असल्यामुळे वही अगदी प्रामाणिकपणे लिहूनही एकाच बाजूला झुकते.

म्हणून या यंत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट मला अचूकता नव्हे, तर स्मृती वाटते. ती जिना विचारात न घेता सगळे आकडे वेळेसह ठेवते. डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर यंत्रही न्यावे.

आता उणिवा. पडद्याच्या कडेला हिरवी, पिवळी, लाल पट्टी दिली आहे. हिरवे दिसले की घरात कुणी आकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि घरच्या मोजणीत १३५/८५ हीच मर्यादा धरतात हे लक्षात राहत नाही. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. दंड त्याहून जाड असेल तर आकडा उगाच चढा येतो, आणि मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी टेपने घेर मोजून घ्यावा. सर्वांत खटकणारी बाब म्हणजे नोंदी एकाच माणसाच्या धरल्या जातात. सासूबाईंनी एकदा मोजले की दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात, आणि मग नकोसा आकडा दुसऱ्याच्या नावावर ढकलण्याची आयतीच सोय होते. घरात मोजणारे दोघे असतील तर थोडे पैसे जास्त पडले तरी दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवणारे यंत्रच घ्यावे.