चॅट्सवर्थ की हार्डविक?

इंग्लंडमधल्या डार्बीशरमध्ये चॅट्सवर्थ आणि हार्डविक ही दोन जुनी सरदारी घरं आहेत. एकच दिवस हाताशी असेल, तर बहुतेकजण चॅट्सवर्थचंच तिकीट काढतात. त्यात काही चूक नाही. चित्रकार लागेरने रंगवलेला दिवाणखाना, टेकडीवरून पायरीपायरीने उतरणारं पाणी, दारावर टांगलेलं वाटणारं पण निव्वळ रंगवलेलं व्हायोलिन, हे हार्डविकला मिळणार नाही. सोबत मुलं असतील तर विचारच करू नका, चॅट्सवर्थला जा.

पण घराची बांधणी बघायला निघाला असाल तर थांबा. चॅट्सवर्थच्या दक्षिणेच्या हिरवळीवर उभं राहून मी एका ओळीतल्या खिडक्या मोजल्या. 12 भरल्या. म्हणजे बरोब्बर मध्यावर येते ती दोन खिडक्यांमधली भिंत! नजर कुठे टेकवावी तेच कळेना. 1687 पासून डेव्हनशरच्या पहिल्या ड्यूकने, म्हणजे घराच्या मालकाने, जुनं घर एकेक बाजू करत नव्याने बांधलं. दक्षिण आणि पूर्व बाजू वास्तुविशारद टॉलमनची, उत्तर दुसऱ्या वास्तुविशारदाची, आर्चरची. दोन टोकं एका रेषेत येईनात, म्हणून आर्चरने उत्तरेची भिंत हलकेच फुगवली. युक्ती सुंदरच आहे. तरी आत तीन-चार दालनं ओलांडल्यावर बाग कोणत्या हाताला राहिली, हे मला सांगता येईना. घर बघताना ही गोष्ट मला फार टोचते. कुणाला टोचणारही नाही.

हार्डविक 1590 च्या दशकात, मालकीण बेस, म्हणजे श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, हिच्या साठीनंतर उभं राहिलं. आराखडा वास्तुविशारद रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. तिथे अंगणातूनच आतलं घर कळतं. खाली बुटक्या खिडक्या, तो नोकरचाकरांचा मजला, त्यावर घरच्यांचा, सर्वांत वर सर्वांत उंच खिडक्या, ती शाही दालनं. धुराडी आतल्या भिंतींत घेतली, म्हणून बाहेरच्या भिंती काचेला मोकळ्या राहिल्या. काही खिडक्या मात्र केवळ दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून आहेत, त्यांच्यामागे खोली नाही. शिवाय टॅपेस्ट्रींचे, म्हणजे भिंतीवरच्या विणलेल्या चित्रपटांचे, रंग उडू नयेत म्हणून पडदे ओढलेले असतात. उजेडासाठी बांधलेल्या घरात अंधूक फिरावं लागतं, याची हळहळ वाटते.

हार्डविकचा दगडी जिना मात्र विसरणार नाही. रुंद, ठेंगण्या पायऱ्या, मधूनमधून वळत जाणाऱ्या. आईचे गुडघे दुखतात, पण ती मधे कुठेच बसली नाही.

जमलं तर दुपार कलल्यावर पश्चिमेच्या दर्शनी बाजूला उभे राहा. तेव्हा सगळ्या काचा एकदम पेटतात आणि मनोऱ्यांच्या कठड्यावरची बेसची दगडी आद्याक्षरं, ई आणि एस (एलिझाबेथ श्रूजबरी), आभाळावर कोरल्यासारखी दिसतात.