लिलीच्या कंदाला सालपट नसते

घरच्या बागेत पहिल्यांदाच लिली लावायची म्हणून मी अठरा कंद मागवले. त्यांतल्या एकालाही जाहिरातीतल्यासारखे फूल आले नाही आणि आपण फसवले गेलो आहोत हे माझ्या ध्यानात यायला तब्बल साडेतीन महिने लागले. पैसे गेल्याचे वाईट वाटतेच, पण त्याहून अधिक राग येतो तो त्या साडेतीन महिन्यांचा. चूक आपल्याच हातून होत असणार, पाणी कमी-जास्त होत असणार, माती बरोबर नसणार, असे मी सगळा वेळ धरून चालले होते. नवखा माणूस असेच समजतो हे विक्रेत्याला पक्के ठाऊक होते आणि त्याचा धंदा त्यावरच चालत होता.

जाहिरात मोबाइलवर दिसली. पांढरी, गुलाबी, नारिंगी आणि निळी अशा चार रंगांची लिली एकाच वाफ्यात फुललेली होती आणि एका पाकळीच्या टोकाशी दवाचा थेंब लोंबत होता. खाली मजकूर होता, तो असा: सर्व रंग सुगंधी, लावल्यापासून 30 दिवसांत फुले, त्यानंतर बारा महिने बहर, कोणत्याही हवामानात हमखास यश. तीन रंगांचे प्रत्येकी सहा कंद आणि ‘दुर्मीळ निळ्या लिली’चे बी भेट म्हणून मिळणार होते. पैसे आगाऊ भरायचे होते. मी भरले.

तोच मजकूर आज पुन्हा वाचते तेव्हा त्यातले एकेक वाक्य खोटे असल्याचे दिसते. नारिंगी रंगाची लिली बहुधा एशियाटिक गटातली असते आणि या गटातल्या बहुतेक जातींना वास जवळजवळ नसतोच. सुगंधासाठी ओरिएंटल किंवा तुतारीच्या आकाराच्या फुलांच्या जाती घ्याव्या लागतात. एशियाटिक लिलीला कंद लावल्यापासून फुलायला साधारण तीन महिने लागतात आणि ओरिएंटलला त्याहूनही महिनाभर अधिक, त्यामुळे 30 दिवसांत फूल येणे शक्यच नाही. एका दांड्यावरच्या कळ्या खालून वर क्रमाने उमलतात, बहर काही आठवड्यांत संपतो आणि पुढचा बहर येतो तो पुढच्या हंगामात. बारा महिने फुलणारी खरी लिली मला आजवर कोणी दाखवलेली नाही.

निळ्या लिलीबद्दल तर वेगळेच सांगायला हवे. खऱ्या लिलींच्या ‘लिलियम’ या वंशात शंभराच्या आसपास जाती आहेत आणि पांढऱ्यापासून काळपट लालपर्यंत कितीतरी छटा त्यांत सापडतात, पण निळी लिली निसर्गात नाही, कारण फुलाला निळेपण देणारे रंगद्रव्य हा वंश तयारच करत नाही. चित्र मोठे करून पाहिले असते तर मलाही ते कळले असते. त्या फुलाच्या पाकळ्यांबरोबर आतले परागकोशही निळे होते, आणि मागच्या पानांच्या कडांवरही निळी झाक उतरली होती. लिलीचे परागकोश बहुधा तांबूस किंवा नारिंगी असतात. संगणकावर रंग बदलताना कोणीतरी कुंचला जरा सढळ हाताने फिरवला होता, एवढाच त्याचा अर्थ. गुलाबी फुलाखाली ‘स्टारगेझर’ असे नाव होते. ही जात लेस्ली वुडरिफ यांनी 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात तयार केली आणि तिचे फूल आकाशाकडे तोंड करून उमलते म्हणून तिला तसे नाव पडले. माझ्या चित्रातली फुले मात्र मान खाली घालून उभी होती.

पार्सल आले तेव्हा मी ते सरळ फोडले, फोटोबिटो काही काढला नाही. आत कोरड्या कागदात गुंडाळलेल्या तीन पुड्या होत्या आणि एकीवरही जातीचे नाव नव्हते. अकरा कंद सुपारीपेक्षा थोडे मोठे, वर तपकिरी, कागदासारखे सालपट असलेले आणि अगदी छोट्या कांद्यासारखे दिसणारे होते. चार कंद सुरकुतलेले आणि हातात घेतल्यावर पोकळ वाटावेत इतके हलके होते. त्यांच्या तळाची मुळे मुळापासून खरवडलेली होती आणि बेचक्यांत निळसर-हिरवी बुरशी धरलेली होती. उरलेले तीन ‘कंद’ म्हणजे सुटे मांसल खवले एकत्र करून दोऱ्याने बांधलेल्या जुड्या होत्या. मला त्या जुड्याही मोठ्या शोभिवंत वाटल्या, हे आता लिहिताना हसू येते. भेट म्हणून आलेल्या बियांची पुडी वेगळी होती आणि तिच्यात मोहरीएवढे काळे, गोल, टणक दाणे होते.

सोबतच्या चिठ्ठीत कंदाचे टोक मातीच्या वर राहू द्यावे, असे लिहिले होते. मी तसेच केले. वास्तविक ही पद्धत ॲमरिलिस म्हणून विकल्या जाणाऱ्या फुलझाडाची आहे. बहुतेक लिलींचा कंद त्याच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट खोल लावायचा असतो, कारण कंदाच्या तळाला मुळे असतातच, शिवाय कंदातून वर निघालेल्या दांड्याच्या मातीत दडलेल्या भागालाही मुळे फुटतात, आणि झाड बरेचसे अन्नपाणी त्याच मुळांनी घेते. कंद उघडा राहिला तर त्या मुळांना माती मिळत नाही. चिठ्ठी दुसऱ्याच झाडाची होती, म्हणजे ती पाठवणाऱ्यालाही आपण काय विकतो आहोत याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याच चिठ्ठीत ‘घरातील प्राण्यांना पूर्णपणे सुरक्षित’ असेही छापलेले होते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत घातक थाप होती. खऱ्या लिलीचे पान, फूल, पराग, एवढेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराच्या पोटात गेले तर त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आमच्या बागेत शेजारचे मांजर रोज येऊन बसते.

तीन आठवड्यांत अकरा कंदांना गवतासारखी बारीक, चपटी, गडद हिरवी पाने आली आणि मला आनंद झाला. उरलेल्या सातांतून काहीच वर आले नाही. मी विक्रेत्याला विचारले, तर त्याने अतिशय नम्रपणे कळवले, “मॅडम, कंद झोपेत आहेत, घाई करू नका. पहिली पाने अशीच येतात, नंतर जाडसर दांडा निघेल.” महिन्याने पुन्हा विचारले तेव्हा पाणी जास्त झाले असेल, असे उत्तर आले. त्यानंतर पाणी कमी केले, तर ऊन कमी पडत असेल. ऊन दिले, तर माती जड असेल. दर वेळी दोष माझ्या बाजूचा निघत होता आणि दर वेळी मी तो मान्य करत होते. शेवटी त्याने कंद जागे करणारे एक खास द्रावण सुचवले आणि सांगायला लाज वाटते, पण तेही मी विकत घेतले. बाटलीवर ना घटकांची यादी होती, ना बनवणाऱ्याचे नाव. ज्याने पहिल्यांदा फसवले त्याच्याच सल्ल्याने मी दुसऱ्यांदा फसले, आणि तेही त्याचे आभार मानून.

पावतीवर तक्रारीची मुदत सात दिवस दिलेली होती. सात दिवसांत कंद मातीखालीच असतात. कपडा फाटका निघाला तर त्याच दिवशी कळते, पण कंद खोटा निघाला हे कळायला एक हंगाम जावा लागतो, आणि ‘थोडे थांबा’ हा बागकामातला खराखुरा सल्ला असल्यामुळे तो ऐकताना संशयही येत नाही.

उलगडा झाला तो आमच्या ओळखीतल्या, कितीतरी वर्षे बाग करणाऱ्या एका काकूंमुळे. त्या आल्या आणि वाफ्याकडे नजर टाकून त्यांनी विचारले, “हे काय लावलेस गं?” मी म्हटले, “लिली.” त्यांनी काही न बोलता बोटांनी माती सारून एक कंद उपटला, अंगठ्याने त्याचे तपकिरी सालपट सोलून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, “लिलीच्या कंदाला सालपट नसतं. ती उघडीच असते, म्हणून तर इतकी जपावी लागते.” मग त्यांनी कंद आडवा चिरला. आत कांद्यासारखी एकात एक पूर्ण वर्तुळे होती. खऱ्या लिलीचा कंद कमळाच्या कळीसारखा असतो, एकावर एक बसलेले मांसल खवले तळाच्या एका चकतीला धरून असतात, आणि हाताने एकेक खवला सुटा करता येतो. खरा दांडाही पहिल्यापासून जाड, एकटा वर येतो आणि पाने त्याच्या अंगावर भोवताली फुटतात, जमिनीतून गवताच्या झुबक्यासारखी निघत नाहीत. माझ्या अकरा कंदांचे पुढे पावसाळी लिलीत रूपांतर झाले. ते फूल छान असते, पण त्याचे कूळ वेगळे. डे लिली, पीस लिली, कॅला लिली, स्पायडर लिली, वॉटर लिली यांच्या नावांतही लिली आहे, पण त्यांतली एकही लिलियम नाही, आणि फसवणाऱ्याला या नामसाधर्म्याचा आडोसा आयताच मिळतो. ‘आम्ही लिलीच तर पाठवली’ असे तो म्हणू शकतो आणि म्हणालाही.

ते चार सुरकुतलेले कंद मात्र खऱ्या लिलीचे होते. उकरून पाहिले तर ते पूर्ण कुजून गेले होते. सालपट नसल्यामुळे लिलीचा कंद उघड्या हवेत भराभर सुकतो, म्हणून तो दमट कोकोपीट, पीट किंवा लाकडाच्या भुशात, भोके पाडलेल्या पिशवीत पाठवायचा असतो. तळाची मुळेही तशीच ठेवायची असतात, कारण ती लावल्यानंतर लगेच कामाला लागतात. बियांचेही तसेच झाले. लिलीची फळे तीन कप्प्यांची असतात आणि त्यांत पापुद्र्यासारख्या चपट्या बिया नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या असतात. माझ्या पुडीतल्या गोल दाण्यांतून कसलेसे रानटी झुडूप उगवले. शिवाय बी अस्सल असते तरी फूल यायला दोन-तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागला असता, आणि संकरित जातीचे बी आईसारखे फूल देईलच असेही नसते.

काकू गेल्यावर मी विक्रेत्याला चिरलेल्या कंदाचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून माझे संदेश जाणेच बंद झाले. पैसे ज्या मार्गाने भरले होते तिथे तक्रार केली, पण व्यवहाराला इतके दिवस उलटून गेल्यामुळे आणि पार्सल उघडतानाचा एकही पुरावा हाती नसल्यामुळे ती टिकली नाही. म्हणून आता पार्सल उघडण्यापूर्वी मी मोबाइल उभा करून ठेवते, प्रत्येक कंद तळाकडून आणि वरून कॅमेऱ्यासमोर धरते आणि शंका आली तर कंद लावायच्या आधी तक्रार करते, कारण एकदा कंद मातीत गेला की प्रकरण आपल्या काळजी घेण्या-न घेण्यावर ढकलले जाते.

पुढच्या हंगामात मी दुसरीकडून थोडेच, पाच कंद घेतले. घेण्यापूर्वी जात कोणती, गट कोणता आणि कंदाचा घेर किती सेंटिमीटर, हे विचारले. लिलीचे कंद घेरावरून विकले जातात; 14/16 म्हणजे 14 ते 16 सेंटिमीटर घेर, आणि एकाच जातीत घेर जितका मोठा तितक्या कळ्या सहसा अधिक. कंद थंडीत किती काळ ठेवले होते, हेही विचारले, कारण साधारण 2 ते 5 अंश सेल्सिअसमध्ये सहा ते आठ आठवडे काढल्याशिवाय बहुतेक लिली धड फुलत नाहीत. ज्याला हा माल खरोखर माहीत असतो तो या प्रश्नांना कंटाळत नाही. या विक्रेत्याने तर मला उलट विचारले की तुमच्या मातीत पाण्याचा निचरा कसा आहे. पाचांपैकी चार कंद फुलले आणि एक कुजला. तो मात्र माझ्याच चुकीने, कारण त्या कोपऱ्यात पाणी साचते.

दोऱ्याने बांधलेल्या त्या तीन जुड्यांतले दोन खवले जिवंत निघाले. त्यांच्या बुडाशी वाटाण्याएवढे कंद धरले आहेत आणि आता प्रत्येकाला एकेक पान आले आहे. ते कोणत्या रंगाचे निघतील हे कळायला निदान दोन वर्षे जातील.

गेल्या महिन्यात तेच चित्र पुन्हा दिसले. विक्रेत्याचे नाव वेगळे होते, पण पाकळीच्या टोकाशी दवाचा थेंब तोच होता. मी लिहिले, “पांढऱ्या ओरिएंटल लिलीच्या कंदाचा घेर किती सेंटिमीटर आहे, आणि कंद किती आठवडे थंडीत ठेवले होते?” दोन मिनिटांत उत्तर आले, “मॅडम, निळा रंग फार थोडा उरला आहे. किती पाठवू?”