एमएस अ‍ॅक्सेस पाच जणांत वापरायचं असेल तर आधी वायर ओढा (तीन वर्षांचा अनुभव)

इचलकरंजीत आमचं सूत दलालीचं छोटं ऑफिस आहे, पाच कॉम्प्युटर आणि सहा माणसं. सौदा कुणाचा, काउंट कुठला, बॅगा किती, भाव काय, डिलिव्हरी झाली का, दलाली आली का, एवढंच लिहायचं असतं पण ते सगळ्यांना एकाच वेळी दिसायला लागतं, कारण पार्टीचा फोन कुणाच्याही टेबलावर वाजतो. आधी एक्सेल होतं, त्यात एकानं फाइल उघडली की दुसऱ्याला रीड ओन्ली, मग "उठा की राव त्या फाइलीतून" अशी दिवसभर ओरड. म्हणून एमएस अ‍ॅक्सेस घेतलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस बनवायचं सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअर म्हणून मला आवडतं, आधीच सांगतो. 1992 पासूनचा माल आहे, दिसायला जुनाट, पण फॉर्म बनवायला आणि दलालीचं बिल छापायला याच्याइतकं सोपं मला तरी दुसरं काही सापडलं नाही. प्रोग्रामर नसताना मी स्वतः चार रविवार बसून बनवलं.

घोळ केला तो आम्हीच. सगळी एकच फाइल अण्णांच्या कॉम्प्युटरवर शेअर फोल्डरमध्ये टाकली आणि पाचही जण तीच डबल क्लिक करून उघडायला लागलो, त्यातले दोन लॅपटॉप वायफायवर. इकडे लाइटचा एक झटका आला की राउटर बंद पडून परत चालू होतो, अर्ध्या मिनिटाचा मामला, मोबाइलवाल्याला कळतही नाही. पण अ‍ॅक्सेसला कळतं. ऐन दिवाळीच्या गर्दीत ताईंनी हाक मारली, "दादा, परत तो मेसेज आलाय बघा, डेटाबेस फॉरमॅट ओळखता येत नाही म्हणतोय." कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (अ‍ॅक्सेसमधलीच फाइल आवळायची आणि दुरुस्त करायची सोय) मारलं, फाइल उघडली, पण काही सौद्यांच्या शेऱ्यात चिनी लिपीसारखं काहीतरी आणि काही ओळी गायबच. अण्णांची लाल वही होती म्हणून वाचलो. अण्णा तेव्हापासून त्या वहीकडे बघून नुसते हसतात, बोलत काही नाहीत, तेच जास्त लागतं.

हे का होतं ते समजलं तेव्हा अर्धा राग गेला. अ‍ॅक्सेसमध्ये सर्व्हर असा कुणी नसतोच, ज्या कॉम्प्युटरवर फाइल आहे तो फक्त गोडाऊन. पाचही जण आपापली हातगाडी घेऊन स्वतः गोडाऊनमध्ये शिरतात, 4 केबीचं एकेक पान नेटवर्कवरून आपल्याकडे ओढतात, बदलतात आणि परत नेऊन ठेवतात. ठेवता ठेवता वाट तुटली तर पान अर्धंच राहतं आणि ते निस्तरायला आत कुणी नसतं. खऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये आपण खिडकीवर चिठ्ठी द्यायची, आतला माणूस माल काढतो. मधेच लाइन तुटली तर तो अर्धवट काम रद्द करून पहिल्यासारखं ठेवतो.

मग पहिलं काम केलं ते केबल टाकायचं. पाचही मशीनला वायर, साधा गिगाबिट स्विच (सगळ्या वायरी एकत्र जोडायचा डबा), स्विचला आणि अण्णांच्या कॉम्प्युटरला यूपीएस. इलेक्ट्रिशियन म्हणाला आजकाल कोण वायर टाकतं, म्हटलं तू टाक. नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करायची परवानगी असते ती टिक काढली, आणि अण्णांचं मशीन झोपी जायचं तेही बंद केलं (मशीन म्हटलंय, अण्णा नाही).

दुसरं म्हणजे फाइल दोन तुकड्यांत केली. यासाठी अ‍ॅक्सेसमध्येच डेटाबेस स्प्लिटर आहे. टेबलं (म्हणजे भरलेली माहिती) तेवढी शेअर फोल्डरमध्ये, फॉर्म आणि रिपोर्टची फाइल प्रत्येकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. त्या चार रविवारांत कुणीतरी मला एवढंच सांगितलं असतं तरी दिवाळी गोड झाली असती.

तरी मधे एकदा फार स्लो झालं होतं. कुणी फाइल उघडली की शेजारी लॉकची छोटी फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते, त्यामुळे फोल्डरमध्ये सगळ्यांना फाइल बनवायची आणि डिलीट करायचीही परवानगी लागते, नुसतं वाचा-लिहा पुरत नाही. आमच्याकडे ही लॉक फाइल दिवसभर बने-पुसे, बने-पुसे चालायचं. उपाय गमतीचा आहे, चालू करतानाच एक लपवलेला फॉर्म शेअर फोल्डरमधल्या एखाद्या टेबलाला जोडून उघडा ठेवायचा, म्हणजे लाइन चालूच राहते. लगेच फरक पडला.

आणि कृपा करून ही फाइल गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवून पाच जणांनी वापरू नका. ते अख्खी फाइल उचलून इकडून तिकडे करतात, दोघांनी लिहिलं की दोन वेगळ्या कॉपी होतात. बॅकअपसाठी कॉपी टाकायची तर टाका, पण रात्री सगळे बाहेर पडल्यावर. चालू फाइलची कॉपी घेतली तर ती उघडेलच असं नाही.

मर्यादा म्हणाल तर फाइल 2 जीबीच्या पुढे जात नाही, आणि डिलीट केलेल्याची जागा कॉम्पॅक्ट केल्याशिवाय परत मिळत नाही, म्हणून दर शनिवारी कॉम्पॅक्ट. कागदावर 255 जण एकदम चालतात असं लिहिलंय. मी पाचच्या अनुभवावर एवढंच म्हणेन की पंधरा-वीसला सुद्धा माझी छाती व्हायची नाही.

दुसऱ्या गावात शाखा असेल, किंवा वायफायशिवाय इलाजच नसेल, तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर न्या, तो मायक्रोसॉफ्टचाच खरा डेटाबेस सर्व्हर. फुकट आहे, 2022 च्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबी मिळतात आणि अ‍ॅक्सेसचे फॉर्म तेच राहतात. आम्ही आता एका मशीनवर ट्रायल घेतोय. दोन ठिकाणी डोकं फुटलं. नेटवर्कवरून जोडायचा टीसीपी/आयपी सुरुवातीला बंद असतो, तो एसक्यूएल सर्व्हरच्याच कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन चालू करायचा आणि फायरवॉलमध्येही वाट द्यायची. आणि हो/नाहीचे रकाने रिकामे राहिले असतील तर सेव्ह करताना "दुसऱ्यानं बदललंय" असा खोटाच मेसेज येतो, मी एकटाच बसलेलो ऑफिसात आणि म्हणे दुसऱ्यानं बदललंय! त्या रकान्यांना डिफॉल्ट शून्य दिलं, जुने रिकामे भरले, मग थांबलं. ठरलेल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा एजंट फुकटच्या आवृत्तीत नाही, ते विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून करावं लागतं.

स्टार द्यायचे तर वायरवर, तुकडे करून, चार. वायफायवर एक, तोही फॉर्म छान बनतात म्हणून. पैशाचं म्हणाल तर पूर्ण अ‍ॅक्सेस एकाच मशीनवर घेतलंय, बाकी चौघांकडे फुकटचं रनटाइम आहे, भरायला आणि छापायला तेवढं पुरतं. मोबाइलवर मात्र चालत नाही, त्यामुळे बाहेर पार्टीकडे बसलो असलो की ताई अजून स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.