बायकांचा दहावीचा वर्ग, घरून त्रास असेल तर असाच वर्ग शोधा (५ पैकी ४ स्टार)

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण इथे येणाऱ्या बऱ्याच जणी घरी न सांगता येतात.

माझी ताई मारहाणीला कंटाळून माहेरी आली, शाळेचे कागद सगळे सासरीच राहिले. आधी एका क्लासमध्ये गेलो तर दाखला नाही म्हटल्यावर त्यांनी उभंच केलं नाही. इथल्या बाईंनी एनआयओएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळाचं सांगितलं, तिथे दहावीला आठवीचा दाखला नसला तर आपण तेवढं शिकलोय असं स्वतः लिहून दिलेलं चालतं, जन्मतारखेचा पुरावा मात्र लागतो, आणि ५ वर्षांत ९ संधी मिळतात, पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. कोर्टाची तारीख नेमकी पेपरच्या दिवशी आली तरी सगळं वर्ष पाण्यात जात नाही, ताईने तर पहिल्यांदा मराठी आणि गृहविज्ञान एवढेच दिले.

शिकवतात छानच, पण मला जास्त भावलं ते बाईंचं वागणं. नाव घालतानाच विचारलं, कुठल्या नंबरवर फोन करू, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू? व्हॉट्सॲप ग्रुप नाही, कारण फोन कितीतरी जणींच्या नवऱ्याच्या हातात असतो. वह्या-पुस्तकं तिथल्याच कपाटात ठेवता येतात, एकीच्या वह्या घरी फाडून टाकल्या होत्या म्हणे. चार दिवस दांडी झाली तर सगळ्यांसमोर का आली नाहीस असं कुणी विचारत नाही, तेवढ्या दिवसांचं काम नावाने बाजूला काढून ठेवलेलं असतं. ताईला सुरुवातीला वाचलेलं काही डोक्यात राहायचंच नाही, दार आपटलं तरी दचकायची, तर बाईंनी तिला दार दिसेल अशी जागा दिली आणि एका वेळी एकच छोटं गणित द्यायच्या. ती मठ्ठ नाहीये हे तिला कुणीतरी दाखवून द्यायला हवंच होतं हो!

मध्ये भावोजी वर्गाबाहेर येऊन उभे राहायला लागले तेव्हा बाई स्वतः ताईला घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे (घरातल्या मारहाणीच्या तक्रारीत मदत करणारे सरकारी अधिकारी) गेल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली नवऱ्याने त्रास देऊ नये असा कोर्टाचा संरक्षण आदेश मिळतो, त्यात वर्गाची जागाही घाला अशी मागणी करता येते, हे आम्हाला वकिलाने पण सांगितलं नव्हतं.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. संध्याकाळी ७ ते ९ म्हणजे घरी स्वयंपाकाची वेळ, परत येताना अंधार, आणि लहान मुलं सोबत आणली तर त्यांना बसवायला जागाच नाही, त्यामुळे दोघी-तिघींनी सोडलं याचं फार वाईट वाटतं. दुपारची बॅच काढाच प्लीज.

फी हप्त्याने घेतात, वर्षात कधीही गेलात तरी बसवून घेतात. आत्ता घरातच मार बसत असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, वर्गाचं नंतर बघता येईल.