ड्रोनाबिनॉल: भूक परत आली, वजन मात्र तेवढेच

न्यू जर्सीत आमच्याकडे राहणाऱ्या बाबांची अन्नावरची वासना केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर पार उडाली. मळमळीच्या नेहमीच्या गोळ्या लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी ड्रोनाबिनॉल लिहून दिले. गांजातील टीएचसी हा घटक कृत्रिमरीत्या तयार करून तिळाच्या तेलात मिसळलेली ही मऊ, गोल कॅप्सूल आहे. केमोथेरपीच्या मळमळीसाठी तिला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. एड्सच्या रुग्णांची भूक जाऊन वजन घटते, त्यासाठीची मान्यता १९९२ मधली.

विमा कंपनीच्या मंजुरीत नऊ दिवस गेले. औषध थंड जागी ठेवायचे असते हे दुकानदाराने सांगितलेच नाही, त्यामुळे बाटली दोन दिवस शेगडीशेजारच्या फळीवर राहिली. हा हलगर्जीपणा मला अजूनही खटकतो.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी एक तास अडीच मिलिग्रॅम, अशी सुरुवात झाली. पहिल्याच दुपारी बाबांना इतके गरगरले की न्हाणीघरापर्यंत त्यांना धरून न्यावे लागले. डॉक्टरांनी दुपारची कॅप्सूल थांबवून रात्रीची तेवढी ठेवली आणि तो त्रास ओसरला. घरात वयस्कर रुग्ण असेल तर पहिले काही दिवस त्याला मुळीच एकटे सोडू नये.

सहाव्या दिवशी बाबा आपणहून म्हणाले, "अगं, थोडा मऊ भात टाक, मेतकूट आहे ना?" तूप-मेतकूट कालवलेला तो भात त्यांनी ताटलीला बोट फिरवून संपवला. तीन आठवड्यांत मी असे पाहिले नव्हते.

वजन मात्र दीड महिन्यानंतरही बावन्न किलोच राहिले, आणि औषधाकडून याहून मोठी अपेक्षा धरणेही बरोबर नव्हते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एड्सच्या १३९ रुग्णांवरील चाचणीत ड्रोनाबिनॉलने ३८ टक्के भूक सुधारली, तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नकली कॅप्सूलने ८ टक्के. वजन जेमतेम टिकले. कर्करोगाच्या ४६९ रुग्णांच्या २००२ मधील चाचणीत मेजेस्ट्रॉल हे भूक वाढवणारे दुसरे औषध घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के रुग्णांची भूक वाढली, ड्रोनाबिनॉल घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के रुग्णांची. म्हणून केवळ वजनासाठी कोणी हे औषध सुचवत असेल, तर मेजेस्ट्रॉलबद्दलही डॉक्टरांना जरूर विचारावे. मेजेस्ट्रॉलने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही कॅप्सूल घेऊच नये.

बाबांसाठी मी ती पुन्हा भरून आणली आहे. या वेळी घरी येताच बाटली फ्रिजमध्ये ठेवली.